देव वाटून टाकणारा माणूस

२०२४च्या सप्टेंबरात ‘तुंबाड’ पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा माझा पुतण्या मला आग्रहाने घेऊन गेला. २०१८ साली तो पहिल्यांदा आला तेव्हा माझा पाहायचा राहून गेला होता. कोकणातला पाऊस, पडका वाडा, विहिरीसारखे गर्भगृह आणि त्यात कणकेच्या बाहुलीसाठी झेपावणारा तो भुकेला हस्तर. मध्यंतरात चहा पिताना पुतण्याने विचारले की काका, हा हस्तर कोणत्या पुराणातला? पूर्तीच्या देवीचा पहिला मुलगा, सोन्याचा लोभी, धान्याला हात घालताच इतर देवांनी झोडपलेला आणि आईने पोटात लपवलेला. एवढी ठसठशीत कथा आजीच्या तोंडून कधी कशी ऐकली नाही, असे त्याला वाटत होते.

मी त्याला सांगितले की हा आपल्या कुठल्याच पुराणातला नाही. तो अमेरिकेतून आला आहे आणि वाटेत त्याने चार-पाच घरे बदलली आहेत. पोराला वाटले, काका थट्टा करतो आहे.

ती थट्टा नव्हती. ‘तुंबाड’ हे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेले, हे आपल्याला ठाऊक असते. चित्रपटाचे बीज मात्र नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी ती एका मित्राकडून जंगलात ऐकली, असे त्यांनीच सांगितले आहे. धारपांच्या कथेचे मूळ स्टीफन किंगच्या १९८४ सालच्या ‘ग्रॅमा’ या कथेत आहे. त्या कथेत मरणासन्न, मंत्रतंत्र जाणणाऱ्या आजीपाशी एकटा सापडलेला नातू तिला आवरण्यासाठी एका नावाची दुहाई देतो. ते नाव हॅस्टर. किंगने हे नाव ज्या देवघरातून उचलले, त्या देवघराचा मूळ मालक म्हणजे हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट. १९३७ साली वयाच्या अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी, जवळजवळ निर्धन अवस्थेत तो वारला. त्याच्याविषयी आज लिहायचे आहे. देव निर्माण करणारे लेखक पुष्कळ झाले, पण केलेले देव हौसेने वाटून टाकणारा असा माणूस विरळाच. त्याच्या पश्चात त्या देवांचे आणि त्याचे स्वतःचे काय झाले, ही हकीकत मला एखाद्या वारसाहक्काच्या दाव्याइतकीच रंजक वाटत आली आहे.

लव्हक्राफ्टचा जन्म २० ऑगस्ट १८९०चा, अमेरिकेच्या र्‍होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स या गावातला. वडील चांदीच्या वस्तूंचे फिरते विक्रेते. मुलगा तीन वर्षांचा होण्याआधीच त्यांचे मानसिक संतुलन बिघडले आणि १८९८ साली रुग्णालयातच त्यांचा अंत झाला. मुलगा वाढला तो आईच्या माहेरी, आजोबांच्या मोठ्या घरात. आजोबा त्याला अंधाऱ्या वाड्यांच्या भीतीच्या गोष्टी सांगत. पाचव्या वर्षी त्याने अरबी सुरस गोष्टी वाचल्या आणि स्वतःला अब्दुल अल्हझ्रेड असे नाव घेतले. पुढे ग्रीक पुराणांचे वेड लागले, तेव्हा या पोराने पॅन आणि अपोलो यांच्यासाठी वेद्या उभारल्या. ख्रिस्ती घरातला हा मुलगा देव बदलायला आणि नावे घ्यायला दूध तुटायच्या वयातच शिकला म्हणायचा. मोठेपणी तो पक्का नास्तिक झाला, पण ती वेदी काही त्याच्या मनातून मोडली नाही.

१९०४ साली आजोबा गेले आणि वैभवही गेले. घर सोडावे लागले. १९०८ साली प्रकृतीने दगा दिला आणि शाळा अर्धवट सुटली. पुढची पाच वर्षे हा तरुण जवळजवळ घराबाहेर पडलाच नाही. त्याला आकाशाचे वेड होते. कोवळ्या वयात तो स्थानिक वृत्तपत्रांत ग्रहताऱ्यांवर सदर लिहीत असे. या अफाट पसाऱ्यात पृथ्वीची आणि माणसाची काय मातब्बरी, हा प्रश्न त्याला दुर्बिणीतून पडला आणि तो आयुष्यभर सुटला नाही.

त्याला माणसांत आणले ते हौशी नियतकालिकांच्या चळवळीने. १९१४ साली तो त्यात शिरला. पुढे दुसऱ्यांचे लेखन दुरुस्त करून देणे हेच त्याच्या पोटापाण्याचे साधन झाले. १९१९ साली बोस्टनला आयरिश लेखक लॉर्ड डनसेनी यांचे वाचन त्याने ऐकले. डनसेनींनी १९०५ साली एका पुस्तकात आपले स्वतःचे देवमंडळच रचले होते. लव्हक्राफ्टला वाट सापडली. १९१७ साली त्याने ‘डॅगन’ ही कथा लिहिली तेव्हा देव उसना घेतला होता, पलिष्टी लोकांचा. आता उसनवारी संपली. न्यार्लाथोटेप हे नाव त्याला १९२० साली स्वप्नात मिळाले. अझाथोथ, योग-सोथोथ अशी उच्चारायला जड नावे एकामागून एक येत गेली.

१९२४ साली त्याने सोनिया ग्रीनशी लग्न केले आणि न्यूयॉर्कला बिऱ्हाड केले. लग्नाच्या तोंडावर गंमत झाली. प्रसिद्ध जादूगार हुदिनीच्या नावावर छापायची एक कथा त्याने लिहून दिली होती. तिचे टंकलिखित प्रॉव्हिडन्सच्या स्टेशनवर हरवले आणि नवपरिणित जोडप्याचा मधुचंद्र ती कथा पुन्हा टंकण्यात गेला. नंतरचे दिवस गमतीचे नव्हते. नोकरी मिळेना. गर्दीच्या त्या शहरातल्या परक्या वंशांच्या माणसांविषयी त्याच्या मनात आधीपासून असलेला तिरस्कार आणखी कडवट झाला. सोनिया स्वतः ज्यू, युक्रेनमधून आलेली. तिच्यासमोर तो ज्यूंविषयी वाटेल ते बोले. १९२६ साली तो एकटाच गावी परतला. घटस्फोटाच्या अखेरच्या कागदावर त्याने सहीच केली नाही, असे चरित्रकार सांगतात.

त्या उन्हाळ्यात त्याने ‘द कॉल ऑफ कथुल्हू’ लिहिली. ‘वीअर्ड टेल्स’ या स्वस्त मासिकाने ती आधी परत पाठवली आणि मग फेब्रुवारी १९२८च्या अंकात छापली. समुद्राच्या तळाशी बुडालेल्या नगरात निजलेला, अष्टपादासारख्या तोंडाचा हा प्रचंड कथुल्हू आज जगभर ठाऊक आहे. त्याचे वैशिष्ट्य मात्र त्याच्या रूपात नाही. त्याला आपला राग नाही. पुराचे पाणी घरात शिरते, ते काही वैर धरून शिरत नाही. लव्हक्राफ्टचे देव तसे आहेत. नवस बोलावा तर कान नाहीत, शाप म्हणावा तर मनात काही नाही. आपण त्यांच्या खिजगणतीतच नाही, हीच त्याच्या मते सर्वांत मोठी भीती.

असे देव निर्माण केल्यावर दुसरा लेखक त्यांना कुलूप लावून बसला असता. लव्हक्राफ्टने दार उघडे टाकले. कॅलिफोर्नियातला त्याचा पत्रमित्र क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ हा कवी आणि शिल्पकार. त्याने त्साथोग्वा नावाचा, बेडकासारखा सुस्त, केसाळ देव एका कथेत घडवला. कथा छापायला वेळ लागला. दरम्यान लव्हक्राफ्टला तो देव इतका आवडला की त्याने आपल्या कथेत त्याचा उल्लेख केला आणि ती कथा ऑगस्ट १९३१ मध्ये स्मिथच्या कथेच्या तीन महिने आधी छापून आली. पोर एकाचे आणि बारसे शेजाऱ्याच्या घरी, असा हा प्रकार. त्याच कथेत त्याने स्मिथलाही अटलांटिसचा प्रधान पुरोहित करून टाकले, क्लार्कॅश-टोन या नावाने!

स्मिथही काही कमी नव्हता. स्वतःच्याच देवाला त्याने आपल्या हिमयुगापूर्वीच्या काल्पनिक प्रदेशात झोथाक्वा म्हटले आणि मध्ययुगीन फ्रान्समधल्या कथांत सोदागी. लव्हक्राफ्टच्या योग-सोथोथला त्याने फ्रेंच वळणाचे रूप दिले. इकडे लव्हक्राफ्ट ज्या गिऱ्हाइकांच्या कथा दुरुस्त करी, त्यांच्या कथांतही आपले देव नावे बदलून सोडून देई. ओक्लाहोमातल्या टेकडीखालच्या लोकांकडे कथुल्हूचा टुलू झाला. मेक्सिकोच्या कथेत त्याच्या नावाला तिथल्या नाहुआत्ल भाषेचा प्रत्यय लागून कथुल्हुट्ल झाला. त्या कथा दुसऱ्यांच्या नावावर छापल्या जात आणि तेच देव निरनिराळ्या लेखकांकडे भेटताहेत हे पाहून वाचक चक्रावत. अब्दुल अल्हझ्रेड हे लहानपणीचे नाव त्याने एका कल्पित ग्रंथाच्या कर्त्याला दिले, तर तो ग्रंथ मिळेल का म्हणून लोक विचारू लागले!

यामागे त्याचा एक विचार होता. खरोखरच जुना देव असेल, तर त्याचे नाव सगळीकडे एकच कसे राहील? हे आपल्याला कोणी सांगायला नको. जेजुरीला खंडोबा म्हणून भंडारा उधळणारे आपण, कर्नाटकात तोच मैलार आणि आंध्रात मल्लण्णा होतो हे जाणतो. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली ‘श्री विठ्ठल : एक महासमन्वय’ लिहून एका देवाच्या मागे किती देव उभे असतात ते दाखवले. शतकानुशतके जे लोकमानसाने केले, ते ही मंडळी टपालाने करीत होती, एवढाच फरक.

आणि खेळकरपणा तरी किती! रॉबर्ट ब्लॉक, पुढे ‘सायको’ लिहिणारा, तेव्हा कोवळा पोरगा होता. त्याला आपल्या कथेत लव्हक्राफ्टसारख्या एका माणसाचा भयंकर मृत्यू दाखवायचा होता. लव्हक्राफ्टने त्याला तशी रीतसर लेखी परवानगी दिली, खाली कल्पित साक्षीदारांच्या सह्यांसकट. मग १९३५ साली ब्लॉकची कथा आली, तेव्हा यानेही आपल्या कथेत रॉबर्ट ब्लेक नावाचा नायक मारून फिटंफाट केली.

आता हॅस्टर. हे नाव लव्हक्राफ्टचे नव्हे. १८९१ सालच्या अँब्रोज बीअर्सच्या कथेत हॅस्टर हा मेंढपाळांचा देव आहे. सौम्य, प्रेमळ, रोज सकाळी एक धनगर पोर ज्याला नमस्कार करते असा. आपल्याकडे शोभला असता! १८९५ साली रॉबर्ट चेंबर्सने ते नाव उचलले आणि कधी माणसाला, कधी एखाद्या गूढ स्थळाला दिले. १९३१ साली लव्हक्राफ्टने नुसत्या नावांच्या यादीत ते ओझरते घातले. बस, एवढेच. विस्कॉन्सिनमधला त्याचा तरुण पत्रमित्र ऑगस्ट डर्लेथ याने मात्र या सगळ्या पसाऱ्याला हॅस्टरचे नाव देऊन एक शिस्तवार पुराण करावे, असे सुचवले. लव्हक्राफ्टने ते मानले नाही. शिस्त त्याला नकोच होती. आपल्या या उद्योगाला तो योग-सोथोथवरून बेतलेले एक चेष्टेचे नाव देई.

१५ मार्च १९३७ रोजी आतड्याच्या कर्करोगाने लव्हक्राफ्ट गेला. कथांचे एकच धड पुस्तक त्याच्या हयातीत निघाले होते आणि तेही चुकांनी भरलेले. आपल्या कागदपत्रांची व्यवस्था त्याने रॉबर्ट बार्लो या अठरा वर्षांच्या मित्रावर सोपवली होती. बार्लोने कागद प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा केले, म्हणून ते आज आहेत. पण डर्लेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्रे यांच्याशी त्याचे बिनसले आणि तो बाजूला पडला. बँकेत मी हे कितीदा पाहिले आहे! नामनिर्देशन एकाच्या नावे आणि किल्ल्या दुसऱ्याच्या हाती.

किल्ल्या ज्याच्या हाती गेल्या त्याचे उपकार मात्र मान्य केलेच पाहिजेत. प्रकाशक मिळेना, तेव्हा डर्लेथ आणि वॉन्ड्रे यांनी १९३९ साली आर्कम हाउस ही प्रकाशनसंस्थाच काढली आणि लव्हक्राफ्टच्या कथांचा जाडजूड ग्रंथ छापला. प्रती १२६८. त्या खपायला वर्षे लागली. डर्लेथने हे केले नसते, तर मासिकांच्या पिवळ्या कागदांबरोबर लव्हक्राफ्टही झडून गेला असता.

पण डर्लेथ श्रद्धाळू कॅथलिक होता आणि टापटिपीचा भोक्ता. त्याने देवांचे दोन तट पाडले, थोरले देव चांगले आणि प्राचीन देव दुष्ट व बंदिवान. मग पंचमहाभूतांसारखी वाटणी केली. कथुल्हू जलाचा, हॅस्टर वायूचा आणि त्याचा सावत्र भाऊ, शिवाय दोघांचे वैर. धनगर पोराचा तो गरीब देव असा राक्षस झाला. कोणीतरी दाखवून दिले की अग्नीची जागा रिकामी आहे, तर १९४४ साली कथुघा नावाचा अग्निदेव तयार! ज्या विश्वात माणसाकडे ढुंकून पाहणारे कोणी नव्हते, तिथे आता आपली बाजू घेणारे देव आले. भीती उरली, पण ती नेहमीची.

याबद्दलही माझी तक्रार नाही. देव बदलणे हा नंतर येणाऱ्या लेखकाचा हक्कच आहे. मूळ मालकाने तो हसत हसत दिला होता. तक्रार पुढच्या दोन गोष्टींबद्दल आहे.

एक असे की लव्हक्राफ्टच्या टिपणांतले काही तुकडे घेऊन डर्लेथने स्वतः कथा लिहिल्या आणि त्यांवर लव्हक्राफ्टचे नाव सहलेखक म्हणून घातले. १९४५ सालच्या एका कादंबरीत पन्नासेक हजार शब्दांपैकी लव्हक्राफ्टचे शब्द बाराशेच्या आसपास. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. आपल्या सगळ्या कथांमागे काळी जादू करून हद्दपार झालेल्या आणि परत ताबा घ्यायला टपलेल्या एका प्राचीन वंशाची कल्पना आहे, अशा आशयाचे एक वाक्य लव्हक्राफ्टचे म्हणून डर्लेथ वर्षानुवर्षे उद्‌धृत करीत राहिला. मागाहून अभ्यासकांनी माग काढला. हॅरल्ड फार्नीज या संगीतकाराने लव्हक्राफ्टच्या मृत्यूनंतर डर्लेथला लिहिलेल्या पत्रात ते वाक्य दिले होते. खुद्द लव्हक्राफ्टच्या उपलब्ध पत्रांत ते नाही. डर्लेथने मुद्दाम लबाडी केली असे मी म्हणत नाही. ते वाक्य त्याच्या मांडणीला सोयीचे होते म्हणून त्याने तपासून पाहिले नसावे.

माझी हयात नमुना सह्यांची कार्डे पाहण्यात गेली. त्या काळी कार्ड काढून चेकवरची सही डोळ्यांनी ताडून पाहावी लागे. नव्या माणसाला वाटते की सही बदललेली दिसली म्हणजे ती खोटी. तसे नसते. खऱ्या माणसाची सही वयाबरोबर बदलते, थरथरते, एखादे अक्षर गाळते. खोटी सही उलट फार नेटकी असते. ती लिहिलेली नसते, काढलेली असते. डर्लेथचे ते सुबक पुराण आणि ते सोयीचे वाक्य वाचताना मला नेहमी त्या सह्या आठवतात. कथुल्हूचा टुलू करणारा स्वतःच्या सहीने लिहीत होता. मेलेल्या माणसाच्या तोंडी वाक्य घालणे ही निराळी गोष्ट. म्हणून या लेखात मी लव्हक्राफ्टचे एकही वाक्य दिलेले नाही. त्या बिचाऱ्याच्या गळ्यात आधीच एक नको ते पडले होते.

डर्लेथच्या बाजूनेही एक नोंद करतो. रॅम्झे कॅम्बेल नावाच्या इंग्रज पोराने त्याला कथा पाठवल्या, सगळ्या अमेरिकेत घडणाऱ्या. डर्लेथने त्याला सल्ला दिला की तुझ्या देशात ये. मग सेव्हर्न नदीच्या खोऱ्यात कॅम्बेलने नवे देव वसवले आणि १९६४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याचे पुस्तक आर्कम हाउसनेच काढले. देव तुझ्या मातीत लाव, हे सांगणारा माणूस अगदीच अरसिक नव्हता. १९७२ साली, डर्लेथच्या मृत्यूनंतर वर्षभराने, रिचर्ड टिअर्नी याने एका लेखात हिशेब वेगळे केले, लव्हक्राफ्टचे काय आणि डर्लेथचे काय ते. १९७७ साली चाहत्यांनी वर्गणी काढून लव्हक्राफ्टच्या थडग्यावर त्याच्या नावाचा स्वतंत्र दगड बसवला. चाळीस वर्षे तोही नव्हता.

पुढचे पसारे मोजण्यापलीकडचे आहेत. १९८१ साली कथुल्हूच्या नावाने एक बैठा खेळ आला. २००९ साली जपानी लेखकाने न्यार्लाथोटेपला चक्क एक चुळबुळी मुलगी करून टाकले. १९९४ साली कॅलिफोर्नियातल्या एका कोळ्याला शास्त्रज्ञांनी कथुल्हूचे नाव दिले. प्लूटो सापडला त्याच वर्षी, १९३० साली, लव्हक्राफ्टने त्याला आपल्या कथेत युगॉथ या नावाने आणले होते. २०१५ साली यान तिथे पोचले तेव्हा शास्त्रज्ञांनी तिथल्या काळ्या प्रदेशाला कथुल्हू म्हटले. पुढे त्याचे अधिकृत नाव बेल्टन ठेवण्यात आले. नाव बदलण्यातून तिथेही सुटका नाही.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते मात्र २०१६ सालचे एक छोटे पुस्तक. न्यूयॉर्कच्या वास्तव्यात लव्हक्राफ्टने परक्यांच्या तिरस्काराने भरलेली एक कथा लिहिली होती. व्हिक्टर लाव्हॅल या कृष्णवर्णीय लेखकाने तीच कथा हार्लेममधल्या एका कृष्णवर्णीय तरुणाच्या बाजूने पुन्हा सांगितली. त्यात कथुल्हूचे नाव निद्रिस्त राजा असे होते. तरुणाच्या बापाला एक गोरा गुप्तहेर गोळ्या घालतो. त्यानंतर या पोराला कळते की ज्याला आपण आहोत की नाही याची पर्वाच नाही, असा देव परवडला. द्वेष करणारी माणसे नकोत. लव्हक्राफ्टला जी सर्वांत मोठी भीती वाटली, ती ज्याने रोजचा अपमान सोसला त्याला सुटका वाटावी! देव तोच, पण पाहणारा बदलल्याबरोबर त्याचा अर्थ उलटा झाला. ज्यांना लव्हक्राफ्टने आपल्या उंबऱ्यात उभे केले नसते, त्यांनाही त्याचे देव उपयोगी पडले. त्याआधीच्या वर्षी एका मोठ्या साहित्य पुरस्काराने लव्हक्राफ्टच्या चेहऱ्याचे स्मृतिचिन्ह बंद केले. मला दोन्ही गोष्टी रास्त वाटतात. माणसाचा हिशेब वेगळा आणि देवांचा वेगळा.

चित्रपट संपल्यावर पुतण्या बराच वेळ गप्प होता. स्कूटर काढता काढता त्याने विचारले की मग हस्तर खरा कोणाचा? मी सिनेमाच्या तिकिटाच्या मागे नावे लिहून दिली, बीअर्सपासून धारपांपर्यंत, माहीत असलेल्या सालांसकट. सगळ्यांत वर त्या धनगराच्या पोराची कथा लिहिली. तिथून सुरुवात कर म्हटले. त्याने ते तिकीट खिशात ठेवले आणि मग थोड्या वेळाने, सिग्नलला थांबलेलो असताना, विचारले की तो मेंढ्यांचा देव इतका वाईट का झाला असेल.